बालीच्या आगुंग पर्वतावर बाबांना (वय 69) नेऊ का? कुशावर्ताचं पाणी न्यायचा हट्ट आहे

कॉलेजरोडवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

बाबा 69 वर्षांचे. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. पाय ठणठणीत. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी चुकत नाही. वर्षातून एकदा वणीचा गड, आणि तिथे ट्रॉली सुरू झाल्यापासून तर मुद्दाम पायऱ्यांनीच. डावा गुडघा कुरकुरतो, पण ती तक्रार त्यांच्या लेखी गुडघ्याची, त्यांची नाही. बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.

दिवाळीत मामेभावाने बालीचे फोटो दाखवले. त्यात एक फोटो ढगांच्या वर निघालेल्या निळ्या त्रिकोणाचा होता. भाऊ सहज बोलून गेला, "काका, हा त्यांचा मेरू. देव इथे राहतात म्हणतात." झालं! दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी जाहीर केलं की कुशावर्ताचं पाणी नेऊन त्या डोंगराच्या डोक्यावर घालायचं. आई म्हणाली, "तिथे कोणी बोलावलंय का तुम्हाला?" बाबा म्हणाले, "काशीचं पाणी रामेश्वरला नेताना रामेश्वराने पत्र पाठवलं होतं का?" यावर आईकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

तर, एकोणसत्तरीचा माणूस आगुंग चढू शकतो का? माझ्या शाळेला गुढीपाडव्याला जोडून चार दिवस सुट्टी मिळते, तेव्हा गेलेलं बरं का? पाणी विमानात कसं न्यायचं? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचं तिथे काय होणार? सिंहस्थाची गडबड शिगेला पोचायच्या आत जाऊन यायचं आहे, मग वर्षभर नाशकातून हलता येणार नाही.

डोंगरभटक्या_सिन्नर

ताई, आगुंग नको. तीन हजार मीटरच्या वरचा डोंगर आहे, रात्रभर चढायचा. शेजारचा बातूर करा. तोही ज्वालामुखीच, उंची 1717 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (1646) थोडा जास्तच. पण सुरुवात तळ्याकाठून, हजारेक मीटरवरून होते, त्यामुळे प्रत्यक्ष चढ सातशे मीटरच्या आसपास. पहाटे चारला निघालात तर सूर्योदयाला वर. गाईड लोक डोंगराच्या वाफेवर अंडी उकडून देतात, आईंना तेवढं सांगू नका. गर्दी मात्र नवरात्रातल्या कळसूबाईसारखी, रांगेत चढायचं.

काका ब्रह्मगिरीची फेरी करतात म्हणजे बातूर आरामात होईल.

माई_जुनंनाशिक

भटक्या म्हणतोय ते खरं आहे, पण काकांना डोंगर करायचा नाहीये, पाणी घालायचंय. त्या दोन गोष्टी वेगळ्या, आणि ते कळायला मला अर्धा आगुंग चढून परत उतरावं लागलं. म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी जुलैत मी आणि माझा भाचा गेलो होतो. मी तेव्हा 61. मीही काकांसारखीच: पंचवटीतून सील केलेला तांब्याचा छोटा गडू घेतला होता, तोच तो, लग्नात रुखवतात ठेवतात तसा. तो चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाकला. हातातल्या बॅगेत ठेवू नका. शंभर मिलिपेक्षा जास्त पाणी केबिनमध्ये जात नाही, आणि सील केलेलं तांब्याचं भांडं स्कॅनरवर कसं दिसतं ते मला तुम्हाला सांगायची वेळ येऊ नये.

आगुंगला दोन वाटा प्रसिद्ध आहेत. एक बसाकीह या मोठ्या देवळापासून, ती खऱ्या शिखरावर जाते, पण चढ जवळपास दोन हजार मीटर, म्हणजे बारी गावातून कळसूबाई दोनदा. दुसरी दक्षिणेकडून, पुरा पासार आगुंग या देवळापासून. पुरा म्हणजे देऊळ. ही वाट आखूड, सोळाशे मीटरच्या आसपास सुरू होते आणि विवराच्या काठाशी संपते. आम्ही दुसरी घेतली. गाईडशिवाय सोडत नाहीत, आणि सोडत असते तरी जाऊ नये.

गाईड चाळिशीचा, काटकुळा, पायात साध्या रबरी चपला. माझ्या पायात सात हजारांचे बूट. ठरवतानाच त्याने तीन गोष्टी विचारल्या: पाळी चालू आहे का, घरात नुकतं कोणी गेलंय का, आणि सामानात गोमांस आहे का. पहिल्या प्रश्नावर मी हसले, दुसऱ्यावर गप्प झाले. सुतक तिथेही आहे, त्याला ते चुंताका म्हणतात, आणि ते पाळतातही. माझ्या चुलत सासूबाई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, मी बोटावर मोजून सांगितलं, तो म्हणाला चालेल.

रात्री एकला देवळाच्या दाराशी त्याने नारळाच्या पानाची हातभर नाही, वीतभरही नाही, तळहाताएवढी परडी ठेवली. तिला चानांग म्हणतात, सकाळी प्रत्येक घराच्या, दुकानाच्या, अगदी एटीएमच्या दाराशी दिसते. मी टॉर्च पाडून बघितलं: चार रंगांची फुलं चार दिशांना, भाताची शितं, एक बिस्कीट आणि एक सिगारेट. देवाला सिगारेट! मग आठवलं, माहेरी म्हसोबाला विडी ठेवायचेच की. वर उदबत्ती खोचली, फुलाने पाणी शिंपडलं आणि निघालो.

पहिला दीड तास जंगल. मुळांच्या पायऱ्या, ओल्या, पकडायला फांद्या. इथवर मी खूश. मग झाडं संपली आणि खडक सुरू झाला, हात टेकवून चढायचा. मग खडीचा भुगा. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. थंडी अशी की नाशिकची डिसेंबरातली पहाट परवडली. चारच्या सुमारास मी एका दगडावर बसले ते बसलेच. मांड्या थरथरत होत्या, मला वाटलं डोंगर हलतोय. ज्वालामुखीवर बसल्यावर असं वाटणं बरं नाही.

आणि इथे आमची चूक उघडी पडली. माणसं दोन, गाईड एक. मला तिथे एकटीला सोडता येईना, भाच्याला वर एकट्याला पाठवता येईना. तिघंही परत. भाचा दोन दिवस माझ्याशी हो-नाहीतच बोलत होता. तेव्हा ताई, जाणारच असाल तर दोन गाईड. पैसे जातील, घरातली शांतता राहील.

उतरताना उजाडलं. पूर्वेला समुद्रापलीकडे लोंबोक बेटावरचा रिंजानी दिसला, तोही ज्वालामुखी, आगुंगपेक्षा उंच. गाईडने तेव्हा माझ्या पाठपिशवीतल्या गडूबद्दल विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमची नदी आहे, डोंगरातून निघते, तिचं पवित्र पाणी तुमच्या डोंगराच्या माथ्यावर घालायला आणलंय. तो जरा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "आम्ही वर जातो ते तीर्थ खाली आणायला. तुम्ही खालून वर का नेताय?"

मला राग आला होता, कारण पाय दुखत होते. पण बघा ना. आपली गोदाही ब्रह्मगिरीवरून खालीच येते. आपण कधी कुशावर्ताचं पाणी भरून ब्रह्मगिरीवर ओतायला गेलोय का?

(काकांनी दिलेल्या काशी-रामेश्वरच्या दाखल्याचा विचार मी केलाय. रामेश्वर समुद्राकाठी आहे. माझंच बरोबर.)

खाली देवळात एक पुजारी होता, पमांगकू म्हणतात, पांढरे कपडे, डोक्याला पांढरं फडकं. गाईडने त्याच्याशी काहीतरी बोलणं केलं. त्याने गडू हातात घेतला, फिरवून बघितला, सील फोडायला मलाच सांगितलं. दहा-बारा थेंब स्वतःच्या तीर्थपात्रात घातले आणि मंत्र सुरू केला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि एकदम नद्या सुरू झाल्या. आपल्या मंगलाष्टकांत "गंगा सिंधु सरस्वती च यमुना" येतं ना, तशीच माळ. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण "गोदावरी" स्वच्छ ऐकू आलं. मी भाच्याकडे बघितलं, तो अबोला विसरून माझ्याकडे बघत होता.

मग त्यांची रीत. जमिनीवर बसायचं, आधी रिकामे हात जोडून कपाळाच्या वर न्यायचे, मग बोटांच्या टोकांत फूल धरून तीनदा, शेवटी परत रिकामे हात, असं पाच वेळा. मग तीर्थ डोक्यावर शिंपडतात, ओंजळीत देतात, तीनदा प्यायचं, मग तोंडावरून फिरवायचं. शेवटी ओले तांदूळ देतात, त्याला बीजा म्हणतात, ते कपाळाला आणि गळ्याच्या खळगीत चिकटवायचे. मला कपाळावर अक्षता चिकटवून घ्यायची सवय, गळ्यावरचे घामाने दोनदा पडले, पुजाऱ्याने दोनदा नवे दिले.

थोडक्यात, गोदेचं पाणी मी डोंगरावर घालायला नेलं ते माझ्याच डोक्यावर परत आलं.

आता व्यवहाराचं.

गुढीपाडवा अजिबात नको. त्यांचं वर्ष शकाचंच, आकडाही आपलाच. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी न्येपी असते: चोवीस तास दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. तुम्ही हॉटेलातच. 2026 मध्ये न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी होते, 19 मार्चला. 2025 मध्ये एका दिवसाचा फरक. पण अधिक महिन्याचं गणित वेगळं असल्याने कधीकधी महिन्याची तफावत पडते, 2024 ला न्येपी 11 मार्चला झाली आणि आपला पाडवा 9 एप्रिलला. तेव्हा दाते पंचांग बघून तिकीट काढू नका. शिवाय न्येपीनंतर पंधरवड्याने, त्यांच्या दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला बसाकीहला मोठा उत्सव, सगळे देव खाली उतरतात म्हणे. तेव्हा पुढचे काही आठवडे चढाई बंद असते. वणीची चैत्री यात्रा ज्यांनी पाहिलीय त्यांना गर्दीची कल्पना येईल. मे ते सप्टेंबर कोरडा काळ, शाळेची मेची सुट्टी उत्तम.

राहायला समुद्रकिनाऱ्यावर नको, सिदेमेनला राहा. भातखाचरं, आणि समोर आगुंग. तिथे हातमागावर सोंगकेत विणतात, जरीचं काम. तुमच्या आईंना येवल्याची नजर असेल तर दुपार तिथेच जाईल, माझी गेली. आमच्या घरमालकिणीने पहिल्या रात्री माझी उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मी परत फिरवली. तिने परत उचलली. कारण तिच्याकडे डोकं आगुंगकडे करून झोपायचं, पाय डोंगराकडे करायचे नाहीत. आणि सिदेमेनहून आगुंग पडतो उत्तरेला! उत्तरेला डोकं करून झोपले असते तर माझ्या आईने स्वप्नात येऊन कान धरला असता. शेवटी मी आडवी झोपले, पूर्वेला डोकं. तिने बघितलं, हसली, सोडून दिलं. त्यांच्याकडे डोंगराकडची दिशा म्हणजे काजा, समुद्राकडची केलोद. बेटाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्याची काजा दक्षिणेला. डोंगर जिथे, तिथे वर.

खाण्याचं: टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भात, भाज्या भरपूर. घात करते ती तेरासी, म्हणजे कोळंबीचा वाळवलेला गोळा, ती चटणीत असते आणि दिसत नाही. "तानपा तेरासी" हे दोन शब्द आईंना पाठ करायला लावा. आणि चिवडा न्या. किती? त्याच्या दुप्पट न्या.

दगडधोंडे

माईंचा प्रतिसाद सुंदर. एक भर घालतो, कारण अशा चर्चांत "आपलाही सह्याद्री ज्वालामुखीच" हे वाक्य येतंच, आणि अजून कोणी लिहिलं नाहीये म्हणून आधीच अडवतो.

ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंगी हे डोंगर लाव्हाचेच आहेत, पण ज्वालामुखी नाहीत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा थरावर थर पसरला, तो हा बेसाल्ट. मग पाण्याने तो कोरला आणि जे उरलं ते आपले डोंगर. अंजनेरीकडे लांबून बघा, केकसारखे आडवे थर दिसतात. म्हणजे आपले डोंगर खोदून उरलेले, आगुंग रचून वाढलेला. तिथे समुद्राचा तळ बेटांच्या पट्ट्याखाली घुसतो, त्यातून तयार होणारा लाव्हा चिकट आणि वायूने भरलेला असतो. तो वाहण्याआधी फुटतो. राख आणि लाव्हा यांचे थर चढत जाऊन तो सुबक शंकू तयार होतो. काकांना आवडलेला त्रिकोण हा त्या स्वभावाचा पुरावा आहे.

स्वभाव कसा ते 1963 ला दिसलं. बसाकीहला 'एका दस रुद्र' (म्हणजे एकादश रुद्र) नावाचा शंभर वर्षांतून एकदा येणारा विधी सुरू होता, आणि फेब्रुवारीत डोंगर जागा झाला. 17 मार्चला मोठा स्फोट. हजारावर माणसं गेली. लाव्हा बसाकीहच्या देवळाला काही मीटरवरून चुकवून गेला. तो विधी 1979 ला पुन्हा केला. राख आणि गंधकाचे कण इतके उंच गेले की जगाचं तापमान पुढे काही काळ किंचित उतरलं. अलीकडे 2017 च्या सप्टेंबरपासून लाखावर लोक हलवले होते, स्फोट नोव्हेंबरात झाला आणि विमानतळ तीनेक दिवस बंद पडला. 2019 पर्यंत अधूनमधून राख येत होती.

तिकडचं ज्वालामुखी खातं प्रत्येक डोंगराला एक ते चार पातळी देतं. एक म्हणजे शांत. जायच्या आठवड्यात आणि जायच्या आदल्या दिवशी बघा. प्रवास विम्यात ज्वालामुखीमुळे रद्द झालेलं विमान धरलंय का, तेही वाचा. बारीक अक्षरात असतं.

गोदाकाठचा_चक्रम

एवढं सगळं करण्यापेक्षा काकांनी ब्रह्मगिरीला जाऊन यावं. त्र्यंबकला काय कमी आहे? परदेशी डोंगरांचं कौतुक.

माई_जुनंनाशिक

चक्रम, काका ब्रह्मगिरीला दर श्रावणात जातात. तू शेवटचा कधी गेलास ते सांग.

कॉलेजरोडवाली

सगळ्यांचे आभार. माईंचा प्रतिसाद काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते कोपऱ्यात खुर्चीत, डोळे मिटून. "तुम्ही खालून वर का नेताय" इथे डोळे उघडले. "परत वाच." परत वाचलं. मग उठून बाल्कनीत गेले. आई म्हणाली, आता दोन दिवस बोलणार नाहीत. अर्ध्या तासाने आले आणि म्हणाले, "रामेश्वर समुद्राकाठी आहे हा मुद्दा बरोबर आहे." आमच्या घरात बाबांनी कुणाचा मुद्दा मान्य केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

पण चढायचं पूर्ण सुटलेलं नाही. आता म्हणतात निदान झाडं संपतात तिथवर. काय करू? आणि बसाकीहला जावं का, की माई गेल्या तेच देऊळ? व्हिसाचंही कोणी सांगा.

डोंगरभटक्या_सिन्नर

व्हिसा विमानतळावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवस. आकडा ऐकून घाबरू नका, रुपिया आहे. त्याशिवाय दीड लाख रुपिया पर्यटक कर, 2024 पासून, तो आधी ऑनलाइन भरून ठेवला तर रांग वाचते. मुंबईकडे समृद्धीने जा, कसाऱ्याचा घाट टळतो.

चढाईचं अजून एक: 2023 ला तिथल्या गव्हर्नरांनी सगळ्या डोंगरांवर पर्यटकांना बंदी जाहीर केली होती. काही पर्यटकांनी पवित्र जागी अंगावरचे कपडे काढून फोटो काढले होते, त्यावरून लोक भडकले होते. गाईड मंडळींनी पोटावर पाय येतो म्हणून विरोध केला. जायच्या आधी तुमच्या गाईडकडून आत्ता वाट उघडी आहे का ते पक्कं विचारून घ्या.

माई_जुनंनाशिक

झाडं संपतात तिथवर जायलाही ओल्या मुळांवरून दीड तास, आणि गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना. काकांना एवढंच विचारा: वणीला आजवर इतक्या वेळा गेलात, देवीच्या डोक्यावरच्या सुळक्यावर कधी चढलात का? नाही ना. तिथे चैत्रात आणि नवरात्रात ध्वज घेऊन दरेगावच्या गवळी घराण्याचा माणूसच रात्री जातो, तो मान त्यांचा. आपण खाली उभं राहून पहाटे वर ध्वज दिसला की हात जोडतो. कुणाला त्यात कमीपणा वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

देवळाचं म्हणाल तर बसाकीहलाही जाच. एक देऊळ नाही, लहानमोठ्या देवळांचं गावच आहे, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी. मधल्या मोठ्या देवळात तीन आसनं शेजारीशेजारी, ब्रह्मा, विष्णू आणि मधे शिव. लाल, काळं, पांढरं कापड. त्यावर मूर्ती नाही. रिकामी आसनं, देवाने येऊन बसायला. मागे मेरू, म्हणजे एकावर एक छपरांचे लाकडी मनोरे, छपरं कायम विषम, तीन, पाच, असं करत अकरापर्यंत. छपरं ताडासारख्या एका झाडाच्या काळ्या धाग्यांची, जवळून बघितली तर घोड्याच्या आयाळीसारखी. मी हात लावला आणि ओरडा खाल्ला. तुम्ही लावू नका.

लुंगीसारखं वस्त्र आणि कमरेला पट्टा लागतोच, तिकिटात देतात. काकांनी धोतर नेसलं तरी पट्टा लागेल. आम्हाला फाटकाशी एकाने सांगितलं की आत पूजा करायची असेल तर त्याच्याचमार्फत, वेगळे पैसे. खोटं होतं. आम्ही हिंदू आहोत, नमस्काराला आलोय म्हटल्यावर आतल्या पुजाऱ्याने एक शब्द न बोलता बसायला जागा दिली. तेव्हा बाहेरच्यांशी घासाघीस करू नका, सरळ आत जा.

दोन्ही देवळं वेगवेगळ्या दिवशी करा. आणि संध्याकाळी सहाला सिदेमेनमध्येच असा. लाऊडस्पीकरवरून त्यांची त्रिसंध्या लागते, सुरुवात गायत्रीने. काका पहिल्यांदा ऐकतील तेव्हा त्यांच्याकडे बघा, मग मला लिहा.

दगडधोंडे

बाटली प्लॅस्टिकची नेऊ नका, कॅप ढिली पडून कपडे भिजतात. अनुभव आहे, लोणाराचं पाणी आणताना. तो वास महिनाभर गेला नव्हता.

कॉलेजरोडवाली

ठरलं. मेचा दुसरा आठवडा, सिदेमेनला पाच रात्री. बातूर नाही, आगुंग नाही. वणीचा मुद्दा मी वाचून दाखवलाच नाही, आईने स्वयंपाकघरातून ऐकवला. बाबांनी फक्त "हं" केलं.

आज सकाळी ते पहिल्या एसटीने त्र्यंबकला जाऊन आले. येताना दोन तांब्याचे गडू आणले. एक कुशावर्तावर भरलेला, त्र्यंबकातच सील करून घेतलेला. दुसरा कोरा. मी विचारलं, हा रिकामा कशाला? बूट काढता काढता म्हणाले, "येताना काय आणायचं मग?"